नटलेली जीप आणि सारजाच्या माहेरचा घाट

परत आल्यापासून जो भेटते तो विचारते, "बाबा, जीपगाडीत बसून सासुरवाडीले गेलते म्हन्तात, कसं काय झालं?" दर खेपेला सांगताना एखादी गोष्ट माझ्याच तोंडून वाढते. मागच्या बाजाराच्या दिवशी तर मी वाटेत वाघ पाहिल्याचं सांगून बसलो. वाघ नव्हता. म्हणून आता एकदाच लिहून टाकतो. मी फार शिकलो नाही, अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे. पण ज्यानं हिंगणीच्या पलीकडचा डोंगर पाहिला नाही, त्याला यातून थोडंबहुत समजेल.

जायचं कारण आधी सांगतो. माझी बायको सारजा माघात गेली. तिचं माहेर डोंगरावर, सागाच्या जंगलात. तिथली विहीर इतकी खोल, की घागर ओढता ओढता बाईची अर्धी सकाळ संपते. आमच्या वाडीत मी तेलइंजिन बसवलं त्या दिवसापासून सारजा मला टोचायची, "तुमच्या कोबीले इंजिनाचं पानी, अन् माया मायच्या गावाले दोर!" यंदा पोरानं नवं मोठं इंजिन आणलं. जुनं, पंपासकट, गोठ्यात पडलं होतं. ती गेल्यावर मी म्हटलं, हे तिच्या माहेरी जाईल आणि अक्षय तृतीयेच्या आत जाईल. त्या दिवशी आपण गेलेल्या माणसाच्या नावानं नवी घागर पाण्यानं भरून पुजतो. सारजाची ही पहिलीच घागर. ती त्याच विहिरीच्या पाण्यानं, त्याच इंजिनानं भरायची, असं मी धरून बसलो. पोरगा म्हणाला, पुढच्या साली नेऊ. मी म्हटलं, पुढच्या सालचं मले काही सांगू नको.

घरून सेलूपर्यंत

बैलबंडीवर इंजिन घाटात चढत नाही, हे सगळ्यांनी सांगितलं. तेव्हा माझा साळा दौलत कामाला आला. तो जंगलाच्या एका ठेकेदाराकडे लाकडं मोजायच्या कामावर आहे. ठेकेदाराची जीप, लढाईतली जुनी, मागं दोन चाकांची लोखंडी गाडी जोडलेली, सणाच्या आदल्या दिवशी डोंगराकडं रिकामीच जाणार होती. तीच तो घेऊन आला.

गाडी पाहून मी खाटेवरून उठलोच. पुढं लोखंडी पाइपांची जाळी, जाळीत तार गुंडाळलेली भलीमोठी चरखी. टपावर सामान ठेवायला लोखंडी माची आणि माचीवर शिकारीचा दिवा. मागं अवजारांची पेटी, जिला उचलायला दोन माणसं लागावी. तिच्या बाजूला दोन जास्तीची चाकं, पेट्रोलचे डबे, पाण्याचे डबे. नवरदेवाच्या घोड्यालाही एवढं कोणी सजवत नाही.

चांदभाई ड्रायव्हर, नागपूरचा, मिशीला तेल लावणारा माणूस, छाती काढून म्हणाला, "बाबाजी, पूरे जिल्ह्यात असं सामान कोनत्याच गाडीले नाई."

"मंग बसाचं कुठं?"

"ते तुमी पाहा. गाडीचं मी पाहतो."

इंजिन पहारीनं आणि ओंडक्यांवरून सरकवत मागच्या गाडीत चढवलं. ते पुढच्या अंगाला, जीपला जोडणाऱ्या दांड्याजवळ बसवलं, कारण पंपाला आणि नळ्यांना मागं जागा हवी होती. दौलतनं दोर आवळले आणि आम्ही निघालो.

आता खरं सांगतो, मी आगगाडीत बसलो आहे, मोटारीत बसलो आहे, पण बाजूनं उघड्या जीपमध्ये वाऱ्यात बसायचं सुख वेगळंच. पागोट्याचा शेव सुटला आणि मागं झेंड्यासारखा फडफडू लागला. शेतातल्या बाया कमरेवर हात ठेवून पाहायच्या. मी हात हलवायचो. दौलत म्हणाला, "भाऊजी, तुमी काय निवडनुकीले उभे आहे काय?" मी म्हटलं, "तू गप बस, मले मत भेटून राह्यलं."

सेलूला चहा प्यायला थांबलो. गरम भजे तिखट होते, डोळ्यातून पाणी आलं, तरी दुसरी पुडी घेतली. आमच्या गावच्या हॉटेलात भजे थंडे भेटतात आणि माणूस गरम, सेलूला उलटं.

आणि इथंच आमची चूक झाली. गाडी डोंगराकडं जाऊन राह्यली, ही बातमी भज्यांच्या आधी गावात पसरली. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे. गाडी जात असली की ती कोण्या एकाची राहत नाही. कोणी म्हणालं, पोरीच्या घरी आंब्याची पाटी तेवढी पोचवा. कोणी मिठाचं पोतं आणलं. एका बुढीनं आपली कोंबडी माझ्या मांडीवर ठेवली, "माया भाच्याले देजो," म्हणाली आणि भाच्याचं नाव न सांगता निघून गेली. दौलतनं स्वतः कुंभाराकडून गावच्या सणासाठी नव्या घागरी घेतल्या. डोंगरावर कुंभार नाही, घरोघर घागर लागणार, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना. त्या माचीवर पऱ्हाटीच्या काड्यांत बसवल्या. चांदभाई दर गठड्याला एकच म्हणायचा, "येऊ द्या! गाडी आहे का मजाक आहे?"

हिंगणीच्या पुढं

हिंगणी सुटली की काळी जमीन संपते. लाल मुरूम, मोहाची झाडं, मधून मधून उघडा खडक. आपल्या सपाट मुलखात नजर अडत नाही. तिथं पावलोपावली अडते. गोंडांच्या घरांच्या भिंती इतक्या गुळगुळीत सारवलेल्या की हात लावावासा वाटते. बाया जंगलातून तेंदूची पानं तोडून डोक्यावर भारे घेऊन येत होत्या. चांदभाई गाणं म्हणत होता, कोंबडी त्याला साथ देत होती.

घाटाच्या पायथ्याशी जीप जरा कण्हली. पहिल्या चढावर तिचा आवाज बसला. दुसऱ्या वळणाआधी मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली, मुरमाचे खडे उडाले, पुढून वाफ निघाली आणि गाडी उभी राहिली. मग हळूच मागं सरकू लागली.

"धोंडा लावा! धोंडा लावा!" चांदभाई ओरडला.

दौलतनं उडी मारून चाकामागं धोंडा लावला. मी कोंबडी घेऊन बसलोच होतो. उतरायचं मला सुचलं नाही.

दुपारची उन्हं. चांदभाईनं पाणी ओतलं, गाडी थंडी होऊ दिली, पुन्हा चढवून पाहिली. पुन्हा तेच.

"तुमचं इंजिनच भारी आहे, बाबाजी," तो कपाळ पुसत म्हणाला. "इथंच उतरवा. सण झाल्यावर येऊन घेऊन जाऊ."

माझं डोकं फिरलं. "सण झाल्यावर त्याचं काय लोणचं घालू? माया बुढीची घागर उद्या आहे!"

"तर मग तुमीच ओढा."

"अरे, इंजिन तर इतकंच आहे. तुया गाडीच्या अंगावर काय काय आहे ते पाय ना! पोळ्याच्या दिवशी बैलाले झूल घालते, शिंगाले बेगड लावते, गळ्यात घुंगरमाळा घालते. त्याले त्या दिवशी नांगराले जुंपते काय कोनी? तू रोज पोळा करून राह्यला, अन् वरून नांगर ओढ म्हन्तो!"

चांदभाईला राग आला. "ये सामान गाडीचं आहे, बाबाजी. सामान वजनात धरत नाईत."

"कोन धरत नाई? चाकं धरतात ना!"

दौलत मध्ये पडला. तो म्हणाला, गाडीला किती भार झेपते ते ठरलेलं असते. आता त्यातून चरखी खाते, माची खाते, पेटी खाते, घागरी खातात, आपण तिघं खातो. खाऊन जे उरलं तेवढंच इंजिनाच्या वाट्याला. हे ऐकून चांदभाई चरखीकडं पाहू लागला. मला मात्र जोर चढला. आपलं म्हणणं बरोबर निघालं ना, मग माणसाची जीभ थांबत नाही.

"सर्वात जड काय आहे?" मी विचारलं.

"चरखी अन् जाळी."

"काढ."

चांदभाई नको नको म्हणत होता. मी ऐकलं नाही. पेटीतले पाने काढून त्या दोघांनी पुढची जाळी आणि चरखी खोलली, रस्त्याच्या कडेला ठेवली. मी चांदभाईच्या बाजूला बसलो, दौलत मागं पेटीवर. "आता पाय कशी पयते," मी म्हटलं.

पळाली. पण कशी! चढावर जोर लावला तशी जीपनं पुढचं तोंड वर उचललं, जत्रेतल्या घोड्यासारखं. पुढची चाकं जमिनीला टेकेनात. चांदभाई हातातलं चाक इकडं फिरवते, तिकडं फिरवते, गाडी आपल्या मनानं दरीकडं चालली. त्यानं ब्रेक दाबला. पुढची चाकं धपकन खाली आली. कोंबडी माझ्या डोक्यावर. मागं पाहिलं तर पेटीवर दौलत नव्हता.

"दौलत!"

"इथं आहो!" करवंदीच्या जाळीतून आवाज आला. "कोनी हात द्याले या, काटे आहेत!"

त्याला काढताना चांदभाईला हसू फुटलं. मग मला. मग दौलतला. त्याच्या धोतराची मागची बाजू करवंदीलाच राहिली होती. आम्ही तिघं त्या घाटात पोट धरून बसलो. माघापासून माझ्या पोटातून असा आवाज निघाला नव्हता.

शांत झाल्यावर मी गाडीभोवती एक फेरा मारला. बंडी हाकणाऱ्या माणसाला हे आधी दिसायला पाहिजे होतं. मागं भार जास्त झाला की बंडी उलार होते, जू वर जाते आणि बैलाच्या गळ्याला फास बसते. इथंही तेच झालं. इंजिन दांड्याजवळ, दांडा जीपच्या शेपटीवर, शेपटीवर आधीच पेटी, चाकं, डबे आणि दौलत. पुढून चरखीनं तोंड दाबून धरलं होतं, ती मीच काढून टाकली. म्हणजे नुसतं किती जड ते पाहून चालत नाही. कुठं जड तेही पाहावं लागते. अर्धं मला समजलं होतं आणि पूर्ण बोललो होतो.

"चरखी लाव बावा परत," मी म्हटलं.

चांदभाईनं जखमेवर मीठ चोळलं नाही, फक्त मिशी फिरवली. "लावतो. अन् आता माया ऐका. चरखी नुसतं वजन नाई. वर त्या सागाले तार बांधली का ती गाडीले ओढते. पन माची, पेटी, टायर, डबे... खरं सांगतो बाबाजी, ते शौक आहेत. ठेकेदाराचे थोडे, माये जास्त."

तेवढ्यात कुऱ्हाडी खांद्यावर घेतलेले चार गोंड भाऊ खाली येत होते. त्यांच्या मदतीनं इंजिन दांड्याजवळून मागं सरकवलं. मी म्हटलं, अजून मागं. चांदभाई म्हणाला, नाही, फार मागं गेलं तर दांडा वर उचलेल, मग जीपची मागची चाकं हलकी पडतील आणि नुसती फिरतील. शेवटी मागच्या गाडीच्या चाकांवर, जरासं दांड्याकडं, असं दोघांच्या मतानं बसवलं. पेटी, चाकं, डबे, दिवा, माची आणि लोकांचे आंबे-मीठ, सगळं पायथ्याच्या झोपडीतल्या एका बुढ्याच्या हवाली केलं. तो एका चाकाच्या मधोमध बसला आणि विडी ओढू लागला. सिंहासनावर राजा बसावा तसा.

आता उरलो आम्ही, कोंबडी आणि घागरी.

"भाऊजी, तुमी बसा, मी पायी येतो," दौलत म्हणाला.

मी म्हटलं, "मी बी वजनच आहो." आणि उतरलो.

घाट

आम्ही घागरी वाटून घेतल्या. काही त्या गोंड भावांनी कुऱ्हाडीच्या दांड्याला दोर बांधून खांद्यावर घेतल्या, काही दौलतनं. मी दोन त्या बुढ्याच्या कावडीत अडकवल्या आणि तिसरी पागोट्याची चुंबळ करून डोक्यावर घेतली. जन्मात कधी डोक्यावर घागर घेतली नव्हती. मान ताठ ठेवली तर माझे वाकडे पाय दिसत नाहीत, पाय पाहिले तर घागर पुढं येते. बाया हे कसं करतात, देव जाणे. आणि त्या तर भरलेली आणतात.

मागून तेंदूचे भारे घेऊन बाया आल्या. मला पाहून थांबल्या.

"पाय व बाई, कोनाचा बुढा घागरी घेऊन चालला!"

"अवं, तो सारजीचा नवरा! आपला जवाई!"

"सारजीनं वरून पानी भराले लावलं वाटते!"

"जन्मभर तिनं भरलं, आता तुमी भरा, जवाईबुवा!"

आमच्याकडे ज्याची बायको गेली त्याच्यासमोर तिचं नाव कोणी काढत नाही, माणूस दिसला की लोकं आवाज बारीक करतात. इथं त्या बाया सारजा आत्ता चुलीपाशी बसल्यासारखं बोलत होत्या. मला राग यायला पाहिजे होता. उलट मला इतकं हसू आलं, की डोक्यावरची घागर गेली. फुटली. बाया अजून हसल्या. एकीनं आपला भारा दुसरीवर ठेवला आणि कावड माझ्याकडून काढून घेतली. म्हणाली, "सोडा, नाईतर गावाले खापरावरच सन करा लागन."

वर सागाला तार बांधली होती. चरखी करकरत फिरायची, जीप वीतवीत वर यायची, आम्ही चाकामागं धोंडे सरकवत यायचो. तार सोडायची, पुढच्या झाडाला बांधायची, पुन्हा तेच. इंजिन एकदाही सरकलं नाही. पण शेवटच्या वळणावर तार झाडाच्या सालीत रुतून कुरकुरली, तेव्हा चांदभाई अल्लाचं नाव घेत होता, मी सारजाचं. तिला काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. शिवी होती.

दिवस डोंगराआड जायच्या आत जीप माथ्यावर उभी राहिली. चांदभाईनं खाली उतरून तिच्या बोनेटवर हात फिरवला. "पहलीच बार अशी नंगी चालवली," तो म्हणाला. "हलकी वाटते."

विहीर

रात्री सासुरवाडीला ज्वारीची भाकर आणि मोहाच्या फुलांची गोड लापशी खाल्ली. ही लापशी आपल्याकडे मिळत नाही. चव वेगळी, पण दुसऱ्यांदा मागितली. कोंबडीचा भाचा सापडला. तो दौलतचाच शेजारी निघाला.

सकाळी इंजिन विहिरीच्या काठावर, दगडाच्या ओट्यावर बसवलं. पंप खाली खडकाच्या खाचेत अडकवला, पट्टा चढवला, नळ आत सोडला. सगळं गाव गोळा झालं होतं. बाया रिकाम्या घागरी घेऊन, पोट्टे झाडावर. मी दांडा फिरवला. खोकलं आणि बंद. पुन्हा फिरवला. खोकलं. एक म्हातारा म्हणाला, "याले सर्दी झाली घाटात." तिसऱ्यांदा चांदभाईनं आणि मी दोघांनी मिळून फिरवला, आणि ते धडधडायला लागलं. धूर निघाला, जमीन हादरली, आणि नळातून आधी हवा, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ पाणी माझ्या अंगावर आलं. पोट्टे झाडावरून टपाटप खाली पडल्यासारखे उतरले.

सारजाची घागर पहिली भरली. आंब्याची पानं, वर खरबूज, हळदकुंकू, तीळ. डोळे मिटून मी काय म्हटलं, ते मला आणि तिला ठाऊक.

मग जेवायला कोणाला बसवायचं ते ठरलं. सारजा अहेव गेली, म्हणून तिच्या नावानं सवाष्ण बसवायची. आमच्या गावी अशी सवाष्ण जातीतलीच पाहतात. इथं दौलतची बायको सरळ म्हणाली, "फुलाबाईले बसवू. त्या दोघी एका दोरानं पानी काढत होत्या." फुलाबाई गोंडाची, सारजाच्याच वयाची, दात नाहीत, नवरा जिवंत आणि सारखा तिच्यावर ओरडणारा. नातवंडांशी ती गोंडीत बोलते, माझ्याशी आपल्या बोलीत.

पुरण शिजायला वेळ होता. फुलाबाई घागर घेऊन आली, नळाखाली धरली, ती भरली. ती घागर खाली ठेवून तशीच उभी राहिली. दोन्ही हात अर्धवट वर होते, जसे दोर ओढायला असतात.

"झालं?" ती ओरडली, कारण इंजिनापुढं ओरडल्याशिवाय ऐकू जात नव्हतं.

"झालं!" मी ओरडलो.

"आता सकायभर करू काय मी?"

"बस!"

ती ओट्यावर बसली. मी तिच्या बाजूला बसलो. आणि ती सांगायला लागली. ओरडून ओरडून. सारजा लहानपणी दोर धरून विहिरीत अर्ध्यापर्यंत उतरायची आणि आतून घुबडासारखी घुमायची, म्हणून बाया पळायच्या. सारजानं पाटलाच्या आंब्याचे पाड चोरले आणि आळ वानरावर घातला. सारजा घाटात रिकामी घागर घरंगळत सोडायची, तिच्यामागं धावायची, आणि फुटली की घरची बकरी मारकी आहे म्हणून सांगायची. मी संसार केला तिच्याबरोबर, पोरं झाली, नातवंडं झाली. आमच्या घरात ती कधी धावली नाही.

दौलतनं दुरून हातानं खूण केली, तेल संपत आलं, बंद करा. मी म्हटलं, चालू दे. पाणी पाटात गेलं, पाटातून रस्त्यावर, पोट्टे त्यात लोळत होते.

"अन् तुमचं लग्न!" फुलाबाई माझ्या कानाशी ओरडली. "तुमी पोरगी पायाले आले, तवा आमी दोघी त्या कोठ्यामागं लपून होतो!"

मला वाटत होतं, सारजाला कोणी विचारलंच नाही. तेव्हा मुलीला कोण विचारायचं? बापानं दिली, ती आली. जन्मभर मी तसंच धरून होतो, आणि भांडण झालं की तीही तसंच म्हणायची.

"दुसरं स्थळ चांगलं होतं! आर्वीकडचं! वाडी, बैलजोड्या, सारं होतं! बाप तिकडंच देत होता!"

"मंग?"

"मंग ती बापापुढं जाऊन उभी राह्यली! अन् म्हने—"

इंजिनातलं तेल तेव्हाच संपलं. धडधड एकदम थांबली. सगळं गाव नळाभोवती उभं होतं, जंगलात पानही हललं नाही, आणि फुलाबाईचा आवाज त्या शांततेत, होता तसाच, पूर्ण जोरात निघाला:

"—द्याचीच असन, तर त्या वाकड्या पायाच्याच घरी द्या मले!"

विहिरीनं ते आतून पुन्हा एकदा म्हटलं.

सगळ्या गावानं माझ्या पायांकडं पाहिलं.